आधी चालण्याजोगा रस्ता द्या

प्रति,
महाराष्ट्रातील महापालिकांचे महापौर, नगरसेवक आणि आयुक्त यांस,



नागरिकांच्या आरोग्यासाठी प्रभागात काय केले, असे विचारले की बहुतेक नगरसेवक बागेतल्या ओपन जिमकडे बोट दाखवतात. रंगीत यंत्रे, भोवती पेव्हर ब्लॉक, शेजारी जॉगिंग ट्रॅक आणि प्रवेशद्वारावर ‘संकल्पना’ या शब्दापुढे आपले नाव. या सोयींना माझा विरोध नाही. सकाळी तिथे येणाऱ्या ज्येष्ठांना त्यांचा उपयोग होतो, चार माणसे भेटतात, हे मी पाहते. पण त्या बागेपर्यंत पायी पोहोचता येते का, हे जिमचा प्रस्ताव मंजूर होताना कुणी विचारले होते का? बागेच्या दारात सकाळी सहा वाजता दुचाकींची रांग लागते. घरापासून अर्धा किलोमीटर चालत यायची भीती वाटते, म्हणून माणसे गाडी काढून चालायला येतात.

माझे म्हणणे त्या यंत्रांच्या मागे असलेल्या समजुतीबद्दल आहे. व्यायाम ही ज्याची त्याची खासगी बाब. महापालिकेने त्यासाठी बागेत एक कोपरा द्यायचा, आणि रस्ते मात्र गाड्यांच्या हिशेबाने बांधायचे, अशी ती समजूत आहे. ती कुठल्या एका पक्षाची नाही. मधली काही वर्षे अनेक महापालिकांत नगरसेवक नव्हते, प्रशासकांनी कारभार पाहिला. तेव्हाही ती तशीच राहिली. मी बरीच वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते आहे. या समजुतीची किंमत माझ्या दवाखान्यात येणारी माणसे मोजत आहेत, म्हणून हे पत्र लिहिते.

मधुमेह किंवा रक्तदाबाच्या पेशंटला मी गोळ्यांच्या आधी एक ओळ लिहून देते : रोज अर्धा तास भरभर चालणे. जागतिक आरोग्य संघटना तेच सांगते. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि मुलांनी रोज सरासरी एक तास. ऐकायला हे अगदी सोपे वाटते. साठीच्या आसपासच्या एका बाईंची तीन महिन्यांची शुगर वाढली होती. चालता का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “पार्किंगमध्ये फेऱ्या मारते हो मॅडम. बाहेर धीर होत नाही.” दोन ओळींत लावलेल्या गाड्यांच्या मधून पंधरा-वीस पावले जायचे, वळायचे आणि परत यायचे. एवढ्या लहान अंतरात सारखे वळून त्यांचा गुडघा दुखायला लागला आणि फेऱ्याही थांबल्या. पुढच्या भेटीत मला गोळीचा डोस वाढवावा लागला.

त्यांच्या घरापासून भाजी मंडई सहाशे-सातशे मीटरवर आहे. जाऊन-येऊन पंधरा-वीस मिनिटांचे चालणे सहज होईल, इतके सोयीचे अंतर. वाटेत फुटपाथही आहे. पण तो रस्त्यापासून जवळजवळ फूटभर उंच आहे, त्यामुळे चढतानाच हाताला आधार लागतो. दहा-बारा पावलांवर सोसायटीचे गेट येते. गाडी आत जावी म्हणून तिथे फुटपाथ तोडून उतार केला आहे, म्हणजे उतरा आणि पुन्हा चढा. पुढे विजेचा डीपी उभा आहे आणि त्याच्या कडेने एक माणूस जाईल एवढीही जागा उरलेली नाही. त्यानंतर एका दुकानाची पायरी फुटपाथवर आली आहे आणि पायरीपुढे दुचाकी लावल्या आहेत. केबलसाठी खोदाई झाली तेव्हा पेव्हर ब्लॉक परत बसवले, पण खाली धुम्मस नीट केली नाही. ते हलतात आणि पावसाळ्यात पाय पडला की खालचे घाण पाणी अंगावर उडते. चौकाच्या अलीकडे फुटपाथ संपतो. तिथला कोपरा गोलाकार करून दिला आहे, त्यामुळे डावीकडे वळणाऱ्या गाडीला वेग कमी करावा लागत नाही. झेब्रा पट्ट्यांवर गाड्या थांबलेल्या असतात. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लागतो, पण वळणाऱ्या गाड्या तेव्हाही चालूच राहतात. हे सगळे टाळण्यासाठी माणसे रस्त्याच्या कडेने चालतात, आणि वर त्यांनाच ऐकवले जाते की फुटपाथ असूनही लोक रस्त्यावरून चालतात.

यातली एकही अडचण निसर्गाने आणलेली नाही. फुटपाथची उंची पथ विभागाने ठरवली, गेटचा उतार बांधकामाला परवानगी देताना कुणी पाहिला नाही, डीपीची जागा वीज कंपनीने निवडली, खोदाईची परवानगी दुसऱ्या खात्याने दिली, सिग्नलची वेळ वाहतूक पोलिसांनी बसवली. प्रत्येकाने आपापले काम केले. चालणाऱ्या माणसाचा विचार करणे मात्र कुणाच्याच कामात येत नव्हते. वास्तविक इंडियन रोड्स काँग्रेसचे पादचाऱ्यांविषयीचे मार्गदर्शक निकष २०१२ पासून उपलब्ध आहेत. फुटपाथवर किमान १.८ मीटर रुंदीची जागा पूर्ण मोकळी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य फुटपाथ हा घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. म्हणजे नियम आहेत आणि न्यायालयाचा आदेशही आहे. आपल्या मनात या विषयाला जागा मिळायची बाकी आहे.

हा प्रश्न किती मोठा आहे, तेही सांगते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने जगभरच्या शारीरिक निष्क्रियतेचा अंदाज मांडला. आरोग्यासाठी लागते तेवढीही हालचाल न करणाऱ्या भारतीय प्रौढांचे प्रमाण २००० साली २२ टक्क्यांच्या आसपास होते. २०२२ मध्ये ते जवळपास निम्म्यावर गेले. दोन दशकांत लोक एकाएकी आळशी झाले, असे मी मानत नाही. याच दोन दशकांत आपली शहरे गाड्यांच्या मापाने नव्याने बांधली गेली.

आपला समाज मूळचा शिडशिडीत, आपल्याला लठ्ठपणाची फारशी चिंता नको, असे कुणी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम इथे लक्षात घ्यावे लागेल. पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि बाळांचा त्यांनी १९९० च्या दशकापासून अभ्यास केला. आपली बाळे वजनाने लहान असतात, पण त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते, असे त्यातून दिसले. म्हणजे वरून सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसाला मधुमेहाचा धोका असतोच, आणि तोही कमी वयात. ज्या समाजाच्या शरीराची ठेवण अशी आहे, त्याने तर आपली शहरे लोक चालते राहतील अशीच बांधायला हवीत.

त्यासाठी प्रत्येकाने पहाटे उठून व्यायाम केलाच पाहिजे, असे नाही. १९५३ मध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ३१ हजार कर्मचारी त्यात होते. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, आणि झाला तरी तो कमी गंभीर होता. ते कंडक्टर व्यायाम म्हणून जिने चढत नव्हते. त्यांच्या कामातच ती हालचाल होती. शहराची आखणी लाखो लोकांसाठी नेमके हेच करू शकते. बसस्टॉपपर्यंत, शाळेपर्यंत, मंडईपर्यंत आणि मंदिरापर्यंत पायी जाणे सुखाचे असेल, तर दिवसाचा अर्धा तास वेगळा काढावा लागत नाही. शहरात जिमची संख्या कितीही वाढली तरी रस्त्यांच्या लांबीला ती पुरी पडणार नाही. शहरातले सर्वांत मोठे, फुकट आणि प्रत्येकाच्या दारापाशी असलेले मैदान म्हणजे रस्ता, आणि तो आपल्या ताब्यात आहे.

आता आपण देता त्या उत्तरांकडे येते. सभांमध्ये आणि निवेदने देताना ती अनेकदा कानावर आली आहेत.

आधी कोंडी सोडवू, मग फुटपाथ पाहू, असे सांगितले जाते. कोंडी सोडवण्याचा आपला ठरलेला मार्ग म्हणजे रस्तारुंदी आणि उड्डाणपूल. पुण्याच्या विद्यापीठ चौकात २००६ च्या सुमारास उड्डाणपूल बांधले गेले. मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी २०२० मध्ये ते पाडावे लागले. एका पुलाचे आयुष्य चौदा-पंधरा वर्षांचे ठरले, आणि तेवढ्या काळात त्या चौकातली कोंडीही सुटली नव्हती. रस्ता मोठा झाला की गाड्या वाढतात, मग तो पुन्हा अपुरा पडतो. दर वेळी रुंदीकरणात सर्वांत आधी कापला जातो तो फुटपाथ आणि त्याच्या कडेची झाडे. मे महिन्यात दुपारी बसस्टॉपपर्यंत चालायचे तर सावली ही चैन नसते, याची आठवण झाड तोडण्याच्या प्रस्तावावर सही करताना ठेवावी.

पादचाऱ्यांसाठी पूल दिला आहे, भुयारी मार्ग दिला आहे, लोकच वापरत नाहीत, असेही म्हटले जाते. मुंबईत २००८ मध्ये वांद्र्याला पहिला स्कायवॉक सुरू झाला आणि त्यानंतर महानगर प्रदेशात तीसहून अधिक बांधले गेले. त्यांतले कितीतरी ओस पडले. स्टेशनातून थेट गर्दीच्या ठिकाणी नेणारे तेवढे चालले. समोरच्या बाजूला जाण्यासाठी दोन मजले चढायचे आणि दोन मजले उतरायचे, हे हातात पिशव्या असलेल्या, गरोदर असलेल्या किंवा सांधेदुखीने बेजार झालेल्या माणसाला जमत नाही. गाडी मात्र सपाट रस्त्यावरून जाते आणि तिला पेडलवर पाय दाबण्यापलीकडे काही करावे लागत नाही. ज्याच्या अंगात इंजिन नाही, त्यालाच जिना चढायला लावायचा, या न्यायाचा आपण फेरविचार करावा.

व्यापारी ऐकणार नाहीत, पार्किंग गेले की मते जातील, ही भीती फारशी कुणी जाहीरपणे बोलत नाही. पण माझ्या अंदाजाने सर्वांत खोलवर तीच आहे. पुण्यातला जंगली महाराज रस्ता पाहा. तिथे फुटपाथ रुंद केले, बसायला बाक दिले, मुलांना खेळायला साधने ठेवली आणि गाड्या लावायच्या जागा आखून दिल्या. त्या रस्त्यावर आज संध्याकाळी आजी-आजोबा नातवंडांना घेऊन बसलेले दिसतात, आणि दुकानांपुढची वर्दळही कायम आहे. चेन्नईत टी. नगरच्या पाँडी बाजारात २०१९ मध्ये फुटपाथ रुंद करून पादचारी प्लाझा झाला. त्या शहराने २०१४ मध्ये बिगरमोटार वाहतुकीचे धोरण स्वीकारले आणि वाहतुकीवरील खर्चाचा ६० टक्के हिस्सा चालणारे आणि सायकल चालवणारे यांच्यासाठी ठेवण्याचे उद्दिष्ट मांडले. दक्षिणेतले भर बाजाराचे शहर हे करू शकते, तर ते आपल्याला अशक्य आहे असे म्हणता येत नाही.

युरोपची गोष्ट वेगळी, त्यांची संस्कृतीच सायकलची, असे उत्तरही तयार असते. १९७१ साली नेदरलँड्समध्ये रस्त्यावरील अपघातांत चारशेहून अधिक मुले दगावली होती. तिथल्या शहरांतही तेव्हा गाड्यांसाठी रस्ते रुंद करणे चालूच होते. आईवडील रस्त्यावर उतरले, ‘मुलांच्या हत्या थांबवा’ या नावाने चळवळ उभी राहिली, आणि सरकारने दिशा बदलली. आज आपण पाहतो त्या सायकलवाटा राजकीय निर्णयातून आल्या. आणि सायकलची संस्कृती म्हणाल तर पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जायचे. कारखान्यातला कामगार, कॉलेजातला विद्यार्थी आणि शाळेतले मास्तर सगळे सायकलवरच असत. ती संस्कृती लोकांनी टाकून दिली नाही. सायकलस्वाराला रस्त्यावर जीव मुठीत धरून जावे लागू लागले, तेव्हा ती संपली.

पुण्याचेच उदाहरण पुढे नेते, कारण धोरण आणि वृत्ती यांच्यातले अंतर तिथे स्पष्ट दिसते. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. त्याच सुमारास रस्त्यांच्या आखणीची मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा आला आणि २०१८ मध्ये मुख्य सभेने पार्किंग धोरणाला मान्यता दिली. तीही मोजक्या रस्त्यांपुरती, प्रयोग म्हणून, आणि पुढे तोही रखडला. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा झाला. त्या दिवशी लोक कुटुंबासह मोकळ्या रस्त्यावरून हिंडले. कागदावरच्या तयारीत पुणे देशातल्या बहुतेक शहरांच्या पुढे आहे. पण वर्षभरातल्या एका दिवसाच्या पलीकडे हे धोरण पोहोचवायचे, तर ते अंदाजपत्रकात दिसले पाहिजे. नगरसेवकांच्या कामांची जी ‘स’ यादी असते, तिच्यातल्या चालण्यासाठीच्या तरतुदी वर्षाच्या मध्यात वर्गीकरणाने दुसरीकडे वळणार नाहीत, याची हमी दिसली पाहिजे. आपल्यापैकी ज्यांच्या शहरात असे धोरणच झालेले नाही, त्यांनी पुण्याचे कागद मागवून घ्यावेत आणि पुण्याने जे केले नाही ते करून दाखवावे.

फुटपाथइतकाच महत्त्वाचा मुद्दा आखणीचा आहे. जुन्या पेठांत किंवा कोल्हापूर-नाशिकच्या जुन्या वस्त्यांत किराणा, पिठाची गिरणी, शाळा, दवाखाना आणि तालीम हाकेच्या अंतरावर असत. वाड्यांच्या मधून बोळ निघत आणि अंतर कमी होई. नव्या उपनगरांत याच्या उलट घडते. पाच-दहा एकरांची सोसायटी, भोवती उंच भिंत आणि एकच मुख्य गेट. भिंतीपलीकडची शाळा खिडकीतून दिसते, पण तिथे पायी जायला वळसा घालून किलोमीटरभर जावे लागते. मग मुलाला दुचाकीवर सोडणे ओघानेच येते. बांधकाम नियमावलीत किती सदनिकांमागे किती गाड्यांची जागा हवी, याचा तक्ता आहे आणि तो काटेकोरपणे पाहिला जातो. तितक्याच काटेकोरपणे, या प्रकल्पातून पायी बाहेर पडणाऱ्याला बसस्टॉप, शाळा आणि बाजार किती मिनिटांवर आहे, हे परवानगी देताना विचारले गेले पाहिजे. पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे समाविष्ट झाली. राज्यातल्या इतर शहरांच्या कडेलाही हेच होते आहे. तिथले पुष्कळ रस्ते अजून व्हायचे आहेत. एकदा इमारती उभ्या राहिल्या की चूक दुरुस्त करायला पन्नास वर्षे लागतात, म्हणून तिथे आत्ताच लक्ष द्यायला हवे.

आणि हे सगळे कुणासाठी, तेही स्पष्ट सांगते. वर उल्लेख केलेल्या ‘लॅन्सेट’च्या अंदाजात भारतातल्या पुरुषांपैकी ४२ टक्के अपुरी हालचाल करतात, तर स्त्रियांपैकी ५७ टक्के. घरकामात दिवसभर राबूनही बायका चालायला म्हणून बाहेर पडू शकत नाहीत. त्यांना वेळ मिळतो तो संध्याकाळी सातनंतर, आणि तेव्हा फुटपाथवर दिवे नसतात, वाटेत स्वच्छतागृह नसते, रस्ता निर्मनुष्य असतो. म्हणूनच पथारीवाले आणि भाजीवाल्या यांना सरसकट हटवणे म्हणजे फुटपाथ मोकळा करणे, हा विचार मला पटत नाही. त्यांच्या गाडीवरच्या दिव्याने आणि असण्याने बाईला त्या रस्त्यावर सुरक्षित वाटते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना जागा आखून देण्याची पद्धत घालून दिली आहे; ती वापरा. अतिक्रमण विभागाची जी तत्परता टोपलीवर दिसते, ती फुटपाथवर चढवलेल्या मोटारीवरही दिसू द्या.

ज्यांच्याकडे गाडीच नाही, ते तर रोज चालतातच. धुणीभांडी करणाऱ्या बायका, वॉचमन, बांधकाम मजूर, महापालिकेच्या शाळेतली मुले. त्यांना व्यायामाचा सल्ला नको आहे, जिवंत घरी पोहोचण्याची खात्री हवी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ३२,८२५ पादचारी रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडले. म्हणजे दररोज सरासरी नव्वद माणसे. चालण्याचे आवाहन करणारे फलक लावण्याआधी हा आकडा प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावावा, असे मला वाटते.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि सगळ्या आपल्या अधिकारातल्या आहेत.

रस्त्याचा कोणताही प्रस्ताव स्थायी समितीपुढे येण्याआधी तिथून गाड्या किती जातात, याच्या बरोबरीने माणसे किती चालतात, सायकली किती जातात आणि रस्ता किती जण ओलांडतात, हेही मोजा. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्याची जागा वाहनांऐवजी माणसांच्या हिशेबाने वाटायला सांगितले आहे. ज्याची मोजणीच होत नाही, त्याच्या वाट्याला उरलेली जागा येते.

फुटपाथचे काम पूर्ण झाल्याचे बिल काढण्यापूर्वी कनिष्ठ अभियंत्याने त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाकाची खुर्ची नेऊन दाखवावी. ती वाटेत कुठेही उचलावी लागली तर ते काम पूर्ण झालेले नाही, असे मानावे. सोसायटीच्या गेटपाशी फुटपाथ खाली उतरवण्याऐवजी गाडीने फुटपाथच्या पातळीवर चढून जावे, अशी रचना करावी. त्यामुळे चालणाऱ्याची वाट सलग राहते आणि गाडीचा वेग आपोआप कमी होतो.

प्रत्येक शाळेच्या भोवतीचे पाचशे मीटरचे रस्ते आधी हाती घ्या. गाड्यांचा वेग कमी करणारी रचना, ओलांडायला उंच केलेले पट्टे आणि शाळा सुटण्याच्या वेळी एक माणूस. किलोमीटरच्या आत राहणारी मुलेही आज व्हॅनमधून कोंबून नेली जातात आणि संध्याकाळी त्यांनाच मैदानी खेळाच्या शिबिरात घालावे लागते. शाळेत पायी गेले तर त्यांच्या रोजच्या एक तासातला निम्मा भाग वाटेतच पुरा होईल.

नव्या वस्त्यांना परवानगी देताना दोन भूखंडांमधून पायवाट सोडायची अट घाला. आणि शेवटी, प्रत्येक महापालिकेत पादचारी आणि सायकल यांच्यासाठी एक स्वतंत्र अधिकारी नेमा, ज्याची सही नसेल तर फुटपाथवर डीपी उभा राहणार नाही, खोदाई होणार नाही आणि कोपरा कापला जाणार नाही. आज जबाबदारी अनेक खात्यांत विखुरलेली आहे. ती एका टेबलावर आणा.

विरोध होईल, हे मला माहीत आहे. पार्किंग कमी झाले की पहिल्या आठवड्यात दुकानदार मोर्चा आणतील, सोसायटीचे अध्यक्ष फोन करतील, कुणी तरी पुढच्या निवडणुकीची आठवण करून देईल. अशा वेळी आपण एकटे पडता, आणि एकटे पडण्याच्या भीतीनेच पुष्कळ चांगले प्रस्ताव दप्तरी दाखल होतात. म्हणून एक सांगते. आपल्या प्रभागातला एक किलोमीटरचा एकच रस्ता निवडा, त्यावर वर लिहिलेले सारे करून दाखवण्याचा प्रस्ताव पुढच्या अंदाजपत्रकात मांडा आणि हरकती-सूचनांची सुनावणी जाहीर करा. त्या सुनावणीला मी येईन, माझ्या ओळखीच्या डॉक्टरांना घेऊन येईन आणि प्रस्तावाच्या बाजूने लेखी म्हणणे देईन. ज्यांना चालायचे आहे पण चालता येत नाही, अशा माझ्या पेशंटांनाही यायला सांगेन. मतदार यादीत त्यांचीही नावे आहेत, आणि ते आपल्या पाठीशी उभे राहतील.

आपली,
एक फॅमिली डॉक्टर